काचेच्या गोटीचा कौल : गॅम्बिया, डिसेंबर 2016

गॅम्बियात मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रांच्या आसपास सायकल आणायला बंदी असते. 1 डिसेंबर 2016 च्या गुरुवारीही ती होती. नियमाचे कारण साधे आहे. त्या देशात मतपत्रिका नसते. ओळखपत्र तपासून, बोटाला शाई लावून झाली की केंद्राधिकारी मतदाराच्या हातात काचेची एक गोटी ठेवतो. मतदार आडोशामागे जातो. तिथे उमेदवारांची पत्र्याची पिंपे ओळीने मांडलेली असतात. प्रत्येक पिंपाचा रंग वेगळा, त्यावर उमेदवाराचा फोटो आणि पक्षाचे चिन्ह, आणि वर एक नळी. आपल्या पसंतीच्या नळीत गोटी सोडली की ती आत बसवलेल्या घंटीवर आपटते आणि 'टण्' असा आवाज बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू येतो. एकदा आवाज आला की एक मत पडले. दोनदा आला तर काहीतरी लबाडी आहे. म्हणून बाहेर सायकलची घंटी वाजून चालत नाही.

ही पद्धत 1960 च्या दशकात रूढ झाली, कारण बहुसंख्य मतदारांना लिहितावाचता येत नव्हते. आपल्याला ती विचित्र वाटायचे कारण नाही. 1951-52 च्या आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतही प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. त्यासाठीच्या लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या. आपण पुढे मतपत्रिकेवर शिक्का मारायला लागलो, मग यंत्राचे बटण दाबायला लागलो. गॅम्बिया गोटीवरच राहिला. 2016 च्या डिसेंबरात 22 वर्षे सत्तेत असलेला एक हुकूमशहा या गोट्यांनी हरवला. ती हार त्याला मान्य करायला लावण्यात पुढचे सात आठवडे गेले. आफ्रिकेतल्या निवडणुकांच्या इतिहासात इतकी शिकण्यासारखी घटना क्वचितच आढळते, आणि मराठीत तिच्याविषयी फारच कमी लिहिले गेले आहे.

नकाशात गॅम्बिया शोधायला वेळ लागतो. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत लहान देश. गॅम्बिया नदीच्या दोन्ही काठांची जेमतेम 50 किलोमीटर रुंदीची लांबट पट्टी, पश्चिमेला अटलांटिक महासागर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना सेनेगल. नदीवरून जा-ये करणाऱ्या इंग्रजांनी आणि आजूबाजूचा मुलूख घेतलेल्या फ्रेंचांनी आखलेल्या सीमा आहेत या. भाषा आणि नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच. 2016 मध्ये लोकसंख्या सुमारे 20 लाख होती. उत्पन्न भुईमुगाचे आणि हिवाळ्यात ऊन खायला येणाऱ्या युरोपीय पर्यटकांचे.

18 फेब्रुवारी 1965 रोजी देश स्वतंत्र झाला. नेतृत्व दाउदा जावारा यांच्याकडे होते. ग्लासगोत शिकलेले हे गुरांचे डॉक्टर आधी पंतप्रधान आणि 1970 पासून राष्ट्राध्यक्ष होते. भोवतालच्या देशांत एकामागून एक लष्करी बंड होत असताना जावारांच्या गॅम्बियात अनेक पक्ष होते, निवडणुका होत होत्या, तुरुंगात विरोधक भरलेले नव्हते. 1981 मध्ये ते चार्ल्स आणि डायना यांच्या लग्नासाठी लंडनला गेले असताना त्यांच्याविरुद्धही बंड झाले, पण सेनेगलच्या सैन्याने ते मोडून काढले. सेनेगलचे सैनिक तेव्हा राजधानी बांजूलमध्ये आले होते. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहेत. तरी जावारांची राजवट थकलेली होती, भ्रष्टाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या, आणि एकच माणूस तीस वर्षे सत्तेवर होता.

22 जुलै 1994 रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. जावारांनी बांजूलच्या बंदरात आलेल्या एका अमेरिकी युद्धनौकेवर आसरा घेतला आणि ते देशाबाहेर गेले. नव्या सत्ताधाऱ्यांचा प्रमुख होता 29 वर्षांचा लेफ्टनंट याह्या जामे. भ्रष्टाचार निपटून बराकीत परतू, असे त्याने सांगितले. दोन वर्षांनी त्याने गणवेश उतरवला आणि तो निवडणुकीला उभा राहिला.

जामेने 1996, 2001, 2006 आणि 2011 अशा चार निवडणुका जिंकल्या. घटनेत राष्ट्राध्यक्षपदाच्या मुदतींना मर्यादा नव्हती. 2001 च्या घटनादुरुस्तीने निवडणुकीची दुसरी फेरीही रद्द केली. कोणालाही निम्मी मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत व्हायची, ती तरतूद गेली. ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून आला, मग ती टक्केवारी कितीही असो. विरोधी पक्ष फुटलेले असल्यामुळे ही सोय जामेच्या फायद्याची होती. पंधरा वर्षांनी हीच दुरुस्ती त्याच्यावर उलटली.

त्याच्या राजवटीची जगाने दखल घेतली ती बहुधा विक्षिप्तपणाची. वनौषधींनी एड्स बरा करतो म्हणून 2007 मध्ये त्याने रुग्णांवर स्वतः 'उपचार' सुरू केले आणि त्यांना चालू औषधे बंद करायला लावली. नावामागे शेख, प्राध्यापक, हाजी, डॉक्टर अशा पदव्या लावल्या. अल्लाची इच्छा असेल तर अब्ज वर्षे राज्य करीन, असे 2011 मध्ये बीबीसीला सांगितले. या गोष्टी वाचून बाहेरचे लोक हसले. गॅम्बियातल्यांना हसण्याची सोय नव्हती. एप्रिल 2000 मध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार होऊन 14 जण मेले. 16 डिसेंबर 2004 च्या रात्री 'द पॉइंट' या वृत्तपत्राचे संपादक देयदा हायदारा यांना गाडीत गोळ्या घातल्या. 2005 मध्ये युरोपला निघालेल्या, समुद्रकिनाऱ्यावर पकडलेल्या पन्नासहून अधिक परदेशी स्थलांतरितांना ठार मारले, त्यांतले बहुतेक घानाचे होते. 2009 मध्ये चेटूक शोधण्याच्या नावाखाली खेड्यांतल्या शेकडो म्हाताऱ्याकोताऱ्यांना धरून विषारी काढा पाजला. ऑगस्ट 2012 मध्ये नऊ कैद्यांना एकाच वेळी मृत्युदंड दिला. गुप्तचर संस्थेच्या इमारतीसमोरून जाताना लोक आवाज खाली करत. तरुण पोरे 'बॅकवे' धरून निघून जात. सहारा ओलांडायचा, लिबियात पोहोचायचे, तिथून रबरी होडीतून इटलीला. लोकसंख्येच्या मानाने या वाटेने सर्वाधिक माणसे पाठवणाऱ्या देशांत हा चिमुकला देश आघाडीवर होता. 2016 च्या निवडणुकीच्या काही आठवडे आधी गॅम्बियाच्या महिला फुटबॉल संघाची गोलरक्षक फातिम जावारा भूमध्य समुद्रात बुडाली. ती 19 वर्षांची होती.

2016 च्या बदलाची सुरुवात मात्र निवडणुकीच्या बऱ्याच आधी, 14 एप्रिलला झाली. युनायटेड डेमोक्रॅटिक पार्टी या मुख्य विरोधी पक्षाचे युवक नेते सोलो सँडेंग काही कार्यकर्त्यांना घेऊन सेरेकुंडा शहराच्या वेस्टफील्ड चौकात फलक घेऊन उभे राहिले. मागणी निवडणूक सुधारणांची होती. आदल्या वर्षी कायदा बदलून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची अनामत रक्कम 10,000 दलासींवरून 5,00,000 वर नेली होती. गरीब देशातल्या गरीब पक्षांना निवडणूकच लढवता येऊ नये, हा हेतू उघड होता. सँडेंग यांना अटक झाली आणि गुप्तचर संस्थेच्या कोठडीत मारहाणीत त्यांचा जीव गेला. दोन दिवसांनी पक्षाचे नेते, वकील उसैनू दारबो रस्त्यावर उतरले. सोलो जिवंत असेल तर जिवंत, नाहीतर त्याचा मृतदेह आमच्या ताब्यात द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दारबो आणि त्यांचे सहकारी पकडले गेले आणि जुलैत त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. जामेविरुद्ध चारही निवडणुकांत भाग घेतलेला, नावाजलेला प्रतिस्पर्धी असा तुरुंगात गेला.

जामेचा हिशेब असा असावा की नेता आत गेला म्हणजे पक्ष विरून जाईल. झाले उलटे. दारबो बाहेर असते तर बाकीच्या पक्षांनी त्यांचे नेतृत्व मान्य केले असते का, याची मला शंका आहे. प्रत्येक पक्षाला आपला नेता मोठा वाटत होता आणि याआधी ऐक्याचे प्रयत्न याच कारणाने फसले होते. आता नेत्याची जागा रिकामी होती आणि कोणाच्याही मानापमानाचा प्रश्न उरला नव्हता. सात पक्ष आणि एक अपक्ष उमेदवार एकत्र बसले. अपक्ष होत्या इसातू तुरे, मुलींच्या खतनेविरुद्ध अनेक वर्षे लढलेल्या कार्यकर्त्या. त्या देशात राष्ट्राध्यक्षपदासाठी पुढे आलेल्या पहिल्या महिला त्याच. पीडॉइस या डाव्या पक्षाचे हलिफा सल्ला होते, आणखी एका पक्षाचे नेते हमात बाह होते. 30 ऑक्टोबरला कोलोलीजवळच्या एका हॉटेलात प्रतिनिधींचे मतदान झाले. 490 पैकी 308 मते अदामा बॅरो यांना मिळाली. बाकीच्यांनी निकाल मानला आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

बॅरो कोण, हे देशाला नीट ठाऊक नव्हते. पूर्वेकडे बासेजवळच्या खेड्यात जन्म, वय 51, जमीनजुमल्याचा व्यवसाय, पक्षाचे खजिनदार. तरुणपणी काही वर्षे लंडनला होते आणि तिथे आर्गोसच्या दुकानात सुरक्षारक्षक म्हणून काम करत शिकले. सरकारी गोटात याची टिंगल झाली. परदेशात राहणाऱ्या गॅम्बियन लोकांनी वर्गणी काढून आघाडीसाठी पैसे पाठवले. त्यांतले कित्येक तसेच पहारा देणारे, गोदामात पेट्या उचलणारे होते, आणि त्यांच्या पैशावर देशातली घरे चालत होती. बॅरोंनी पक्षाचा राजीनामा दिला, कारण आघाडीचा उमेदवार कोणत्याही एका पक्षाचा नसावा असे ठरले होते. आणखी एक गोष्ट ठरली होती. ते तीनच वर्षे पदावर राहतील, संक्रमणाचा काळ पार पाडतील आणि पुढची निवडणूक लढवणार नाहीत. या अटीकडे पुन्हा यावे लागेल.

प्रचाराला दोन आठवडे मिळाले आणि या दोन आठवड्यांत भीती सैल पडली. बॅरोंच्या सभांना एवढी गर्दी होऊ लागली की लोकांनी स्वतःलाच मोजून घेतले. शेजारीही जामेच्या विरोधात आहे, हे बावीस वर्षांत प्रथमच उघड दिसत होते. जामे त्या वर्षीच्या जूनमध्ये मांडिंका समाजाला जाहीर सभेत धमक्या देऊन बसला होता. मांडिंका देशातला सर्वांत मोठा समाज, सुमारे एक तृतीयांश. संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहार प्रतिबंधक सल्लागारांनी त्या भाषणाचा निषेध केला होता. तिसरे उमेदवार मामा कांदे आघाडीबाहेर राहिले. ते जामेच्याच पक्षाचे माजी खासदार होते.

मतदानाच्या आदल्या रात्री इंटरनेट आणि परदेशी फोन बंद झाले. सीमा बंद होत्या. युरोपीय संघाचे निरीक्षक नव्हते, आणि पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास संघटनेचेही नव्हते. 2011 मध्ये तर इकोवासने मतदार दहशतीखाली असल्याचे सांगून निरीक्षक पाठवायलाच नकार दिला होता. अंधाऱ्या कोठडीत निवडणूक उरकावी, अशी ही तयारी. जामेची पिंपे हिरवी, बॅरोंची चंदेरी, कांदेंची जांभळी. स्वतःचे मत दिल्यावर जामे पत्रकारांना म्हणाला की गॅम्बियाच्या निवडणुकीत गडबड करताच येत नाही, आणि निकालानंतर निदर्शने करू दिली जाणार नाहीत.

त्याच्या पहिल्या वाक्यात त्याला वाटत होते त्याहून अधिक तथ्य होते. यापूर्वी पिंपे सीलबंद करून दूरच्या केंद्रांवर नेत आणि तिथे मोजत. 2016 मध्ये निवडणूक आयोगाने पहिल्यांदाच जागच्या जागी मोजणी केली. मतदान संपले की त्याच खोलीत, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर पिंप उपडे करायचे. गोट्या लाकडी पाटावरच्या खळग्यांत एक एक बसवायच्या. पाटाला 200 किंवा 500 खळगे. पाट भरला की आकडा कुणालाही डोळ्यांनी दिसतो, अक्षरओळखही लागत नाही. निकाल मोठ्याने वाचायचा, कागदावर सह्या घ्यायच्या. देशभर 1,422 केंद्रे होती. रात्री बाराच्या आतबाहेर त्या त्या गावाला आपले मत कुणाकडे गेले हे माहीत झाले होते. बांजूलमध्ये कोणी आकडा बदलायचा म्हटला तर तो 1,422 ठिकाणच्या शिक्षकांच्या, कारकुनांच्या, गावकऱ्यांच्या साक्षीविरुद्ध बदलावा लागला असता. माझ्या मते जामेचा पराभव या खोल्यांमध्ये झाला. पुढे आलेल्या फौजा, ठराव, विमाने यांना उभे राहायला जमीन मिळाली ती या मोजणीमुळे. निकाल धूसर असता तर कोणत्या शेजाऱ्याने कोणासाठी सैन्य हलवले असते?

2 डिसेंबरला दुपारी निवडणूक आयोगाचे वयोवृद्ध अध्यक्ष अलिऊ मोमार न्जाय दूरचित्रवाणीवर आले. आकडे वाचायच्या आधीच त्यांनी सांगितले की राष्ट्राध्यक्ष पराभव मान्य करणार आहेत. बॅरो 2,63,515, जामे 2,12,099, कांदे 1,02,969. संध्याकाळी जामे पांढऱ्या झग्यात, हातात माळ घेऊन पडद्यावर दिसला आणि त्याने बॅरोंना फोन लावून हसतहसत अभिनंदन केले. निकाल अल्लाची इच्छा म्हणून स्वीकारतो, आपल्या गावी, कानिलाईला जाऊन शेती करीन, असे सांगितले. सेरेकुंडाच्या रस्त्यांवर लोकांनी नाचायला सुरुवात केली. जामेचे फलक फाडले गेले. सैनिक पाहत राहिले, काहींनी हातही मिळवले.

त्या आठवड्याइतका आनंदी आठवडा त्या देशाने क्वचितच पाहिला असेल. 5 डिसेंबरला दारबो आणि त्यांचे सहकारी जामिनावर सुटले. त्याच दिवशी आयोगाने एक चूक दुरुस्त केली. बासे भागातली बेरीज चुकली होती आणि तिन्ही उमेदवारांची मते फुगली होती. सुधारित आकडे असे : बॅरो 2,27,708, जामे 2,08,487, कांदे 89,768. नोंदलेल्या 8,86,578 मतदारांपैकी 59 टक्क्यांनी मत दिले होते. आघाडी 51 हजारांवरून 19,221 वर आली. बॅरो 43.3 टक्क्यांवर होते. दुसरी फेरी असती तर लढत पुन्हा झाली असती, पण ती फेरी जामेनेच रद्द केली होती. चूक आयोगाने स्वतः शोधली आणि स्वतः जाहीर केली. प्रामाणिक माणसांकडून असेच घडते. जामेला मात्र यातून पकड मिळाली.

7 डिसेंबरला 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकात आघाडीच्या ज्येष्ठ नेत्या फातूमाता जालो-तांबाजांग यांची मुलाखत आली. जामेवर वर्षभरात खटला भरू, असे त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी, 9 डिसेंबरच्या रात्री, जामेने दूरचित्रवाणीवरून निकाल संपूर्णपणे फेटाळला आणि नव्या निवडणुकीची मागणी केली. अनेक विश्लेषकांनी दोष या मुलाखतीला दिला. सत्ता हातात येण्याआधी असे बोलणे घाईचे होते, हे खरे. तरी ज्या माणसाच्या नावावर इतके खून होते त्याला खटल्याची भीती एका मुलाखतीतून कळली, हे मला पटत नाही. आठवडाभरात ती भीती त्याच्याभोवतीच्या अधिकाऱ्यांनाही जाणवली असणार. त्यांचीही नावे त्या कोठड्यांशी जोडलेली होती.

यानंतर जे झाले ते आफ्रिकेत नवे होते. 13 डिसेंबरला इकोवासचे चार राष्ट्राध्यक्ष बांजूलला आले. लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सर्लीफ, नायजेरियाचे मुहम्मदु बुहारी, सिएरा लिओनचे अर्नेस्ट कोरोमा आणि घानाचे जॉन महामा. महामांची उपस्थिती सर्वांत बोलकी होती. 7 डिसेंबरला घानात झालेल्या निवडणुकीत ते स्वतः हरले होते आणि 9 डिसेंबरला, म्हणजे जामेने शब्द फिरवला त्याच दिवशी, त्यांनी पराभव मान्य केला होता. बुहारी तर 2015 मध्ये सत्ताधाऱ्याला मतपेटीतून हरवून आले होते आणि हरलेल्या गुडलक जोनाथन यांनी फोन करून अभिनंदन केले होते. जामेला समजावायला आलेल्या या लोकांना उपदेश करण्याचा हक्क होता. त्याने ऐकले नाही. त्याच दिवशी सुरक्षा दलांनी आयोगाच्या कार्यालयाचा ताबा घेतला. न्जाय काही दिवसांनी जिवाच्या भीतीने देशाबाहेर गेले.

जामेच्या पक्षाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयात पुरेसे न्यायाधीशच नव्हते. मे 2015 पासून ते बसले नव्हते आणि मुख्य न्यायाधीशांखेरीज जागा रिकाम्या होत्या. बाकीचे न्यायाधीश नायजेरिया आणि सिएरा लिओनमधून आणायचे होते आणि ते लगेच यायला तयार नव्हते. न्यायसंस्था पोखरून ठेवणाऱ्याला गरजेच्या वेळी न्यायालयच मिळाले नाही. दरम्यान सेरेकुंडात तरुण मंडळी 'गॅम्बियाने निर्णय घेतला आहे' असे छापलेले टी-शर्ट घालून फिरत होती. टी-शर्ट घातल्याबद्दल अटका झाल्या. जानेवारीच्या पहिल्या दिवसांत खासगी रेडिओ केंद्रे बंद पाडली गेली. वकिलांच्या संघटनेने, शिक्षकांनी, विद्यापीठाने, अकरा राजदूतांनी पदत्यागाची मागणी केली. मग मंत्री राजीनामे देऊ लागले आणि 18 जानेवारीला उपराष्ट्राध्यक्ष इसातू न्जी-साइडी यांनीही पद सोडले. त्या 1997 पासून त्या पदावर होत्या.

इकोवासने डिसेंबरातच सांगून टाकले होते : जामेची मुदत 19 जानेवारीला संपते, त्यानंतर सैन्य येईल आणि त्याचे नेतृत्व सेनेगल करील. बॅरोंना सुरक्षिततेसाठी सेनेगलच्या राजधानीत, डकारला नेण्यात आले. ते तिथे असतानाच त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला घराजवळ कुत्रा चावला आणि तो दगावला. बापाला मुलाच्या दफनाला जाता आले नाही. 17 तारखेला जामेने आणीबाणी पुकारली, संसदेने त्याची मुदत 90 दिवसांनी वाढवली. हॉटेलांतून पर्यटकांना विमानांनी हलवले. सुमारे 45,000 लोक बोचकी बांधून सेनेगलमध्ये गेले. बांजूलच्या बाजारपेठा बंद झाल्या. देश श्वास रोखून बसला होता, असे म्हणण्यापेक्षा देश रिकामा होत होता असे म्हणावे.

19 जानेवारीला संध्याकाळी डकारमधल्या गॅम्बियाच्या दूतावासात, एका लहानशा खोलीत, बॅरोंनी शपथ घेतली. दूतावासाची जागा म्हणजे आपलीच भूमी मानायची, अशी ही योजना होती. शपथ दिली गॅम्बियाच्या बार असोसिएशनचे अध्यक्ष शेरिफ तांबादू यांनी. त्याच संध्याकाळी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2337 क्रमांकाचा ठराव एकमताने संमत करून बॅरोंना मान्यता दिली आणि सेनेगलच्या तुकड्यांनी सीमा ओलांडली. एकूण सुमारे 7,000 सैनिक सज्ज होते, सेनेगल, नायजेरिया, घाना, टोगो आणि माली या देशांचे. गॅम्बियाचे सेनाप्रमुख उस्मान बादजी आधी बॅरोंना सलाम करून मग जामेकडे परतले होते. आता त्यांनी जाहीर केले की राजकीय भांडणासाठी आपले सैनिक लढणार नाहीत.

फौजा आत येऊन थांबल्या. गिनीचे राष्ट्राध्यक्ष अल्फा कोंदे आणि मॉरिटानियाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद औल्द अब्देल अझीझ यांनी शेवटची बोलणी केली. 21 जानेवारीच्या पहाटे जामेने पद सोडत असल्याचे जाहीर केले आणि त्या रात्री कोंदेंबरोबर विमानाने देश सोडला, आधी गिनीला, मग इक्वेटोरियल गिनीला. तिथे 1979 पासून तेओदोरो ओबियांग सत्तेवर आहेत. जामेच्या महागड्या गाड्या मालवाहू विमानातून त्याच्या मागोमाग गेल्या. खजिन्याला केवढे भोक पडले होते ते नंतर कळले. 2019 मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालानंतर न्यायमंत्र्यांनी हा आकडा 36 कोटी डॉलरच्या घरात सांगितला. शहराच्या ताब्यासाठी एकही लढाई झाली नाही. 26 जानेवारीला बॅरो बांजूलला परतले तेव्हा विमानतळापासूनचा रस्ता माणसांनी भरून गेला होता.

पुढचे थोडक्यात. सोलो सँडेंग यांचे अवशेष 2017 मध्ये तांजी इथे उकरून काढले गेले आणि जुलै 2022 मध्ये त्यांच्या खुनाबद्दल गुप्तचर संस्थेच्या माजी प्रमुखासह पाच जणांना दोषी ठरवले गेले. सत्य आयोगापुढे 2019 ते 2021 मध्ये 393 साक्षीदार बोलले. लोक घराघरांत, दुकानांत रेडिओ आणि फोनवर त्या साक्षी ऐकत होते. याच देशाने नोव्हेंबर 2019 मध्ये रोहिंग्यांसाठी म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. वेदना भोगलेल्या देशाने दुसऱ्यांच्या वेदनेसाठी असे उभे राहावे, याचे मला फार मोल वाटते.

आणि तीन वर्षांची अट? बॅरोंनी ती पाळली नाही. घटनेत मुदत पाच वर्षांची आहे, असे कारण देऊन ते राहिले. 'तीन वर्षे झाली' म्हणत निघालेल्या आंदोलनावर जानेवारी 2020 मध्ये बंदी आली. दारबोंशी बिनसले आणि 2019 मध्ये त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदावरून काढले. मुदतींना मर्यादा घालणाऱ्या नव्या घटनेचा मसुदा 2020 मध्ये संसदेत अडला. 2021 मध्ये तर त्यांनी जामेच्या जुन्या पक्षाशी हातमिळवणी केली. ज्यांनी तुरुंग भोगला, ज्यांची माणसे गेली, त्यांच्याशी हा विश्वासघात होता. त्याला दुसरा शब्द शोधू नये.

4 डिसेंबर 2021 रोजी पुन्हा निवडणूक झाली. बॅरोंना 53 टक्के मते मिळाली, दारबोंना 28. दारबोंच्या पक्षाने निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. या वेळी न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांनी महिना संपायच्या आत अर्ज ऐकून तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर फेटाळला, आणि हरलेला पक्ष पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागला.